फेऱ्यातला फेरा

कवी बायरनची मुलगी म्हणून एडा लव्हलेसची ओळख करून देतात खरी, पण बापलेकीचा सहवास जेमतेम महिनाभराचा. 10 डिसेंबर 1815 ला ती लंडनमध्ये जन्मली. पुढच्याच महिन्यात आई तिला घेऊन माहेरी गेली, आणि बायरननं देश सोडला तो कायमचा. बापाचा लहरीपणा लेकीत उतरू नये म्हणून आईनं तिला गणिताला जुंपलं. 1833 मध्ये, सतराव्या वर्षी, तिला चार्ल्स बॅबेज भेटला.

बॅबेजचं 'ॲनालिटिकल इंजिन' कागदावरच राहिलं. जकार्डच्या मागासारखं तेही भोकं पाडलेल्या पत्त्यांवर चालायचं होतं. जकार्डचं रेशमी चित्र विणायला असे 24,000 पत्ते लागले होते. बॅबेजनं मात्र वापरलेले पत्ते मागे फिरवून पुन्हा वापरायची सोय योजली होती. एका फ्रेंच लेखाचा अनुवाद करताना एडानं 1843 मध्ये मूळ लेखाच्या सुमारे तिप्पट टिपा जोडल्या, त्यांत या सोयीचं मर्म उलगडलं. तीच कृती पुन्हापुन्हा येत असेल तर ती एकदाच लिहावी आणि फिरवावी; फेऱ्याच्या पोटात आणखी फेराही असू शकतो.

बँकेत आम्ही बचत खात्यांचं व्याज हातानं काढायचो. एकेक खातं घ्यायचं, त्यात एकेका महिन्याची दहा तारखेनंतरची किमान शिल्लक उतरवायची. खात्यांच्या फेऱ्यात महिन्यांचा फेरा! पण नव्या कारकुनाला रीत एकदाच सांगावी लागे.

बर्नुली संख्या काढण्याचा एडाचा तक्ता 25 पायऱ्यांचा आहे. त्यातल्या 13 ते 23 पुन्हा करायच्या, असं तिनं तिथंच नोंदवलंय. गंमत म्हणजे त्यांच्या आतल्या 13 ते 16 आणि 17 ते 20 या दोन चौकड्या एकाच ठशाच्या, तरी तिनं दोन्ही सविस्तर लिहिल्या. आजचा प्रोग्रामर त्या चार पायऱ्या वेगळ्या काढील, त्यांना एक नाव देईल आणि हवं तिथं त्या नावानं बोलावील. चूक निघाली तर दुरुस्ती एकाच जागी. तिच्याजवळ त्या पडताळायला यंत्रच नव्हतं.

यातलं थोडं बीजगणित बॅबेजचं, म्हणून श्रेयाचा वाद आहे. पण फेऱ्यांचा विचार इतका स्वच्छ मांडणं हे मला तिचंच वाटतं.

टिपांखाली तिची फक्त आद्याक्षरं छापली गेली. पुढं घोड्यांच्या शर्यतींत पैसा गेला, मग कर्करोग. 27 नोव्हेंबर 1852 ला ती छत्तिसाव्या वर्षी गेली. बायरनही त्याच वयात गेला होता. तिच्याच इच्छेप्रमाणे हकनॉलच्या चर्चमध्ये तिला त्याच्याशेजारी पुरलं.