सुरतेचे वीरजी व्होरा

सुरत म्हटले की आपल्याला शिवछत्रपतींची १६६४ ची स्वारी आठवते, आणि तीत नागवले गेलेल्या सावकारांत वीरजी व्होरांचे नाव ठळक असते. लुटला गेलेला धनिक एवढीच त्यांची ओळख उरावी, हे मला न्यायाचे वाटत नाही. ऐन गरजेच्या वेळी माल पुरविणे, ही त्यांची खरी करामत होती.

वीरजी धर्माने जैन, सुरतेच्या संघाचे पुढारी. इंग्रजांच्या वखारीच्या कागदांत त्यांचे नाव १६१९ पासून आढळते. त्या काळी विलायती जहाजे पावसाळा सरल्यावर सुवाळीला नांगर टाकीत. वारा अनुकूल आहे तोवर माल भरून निघावे लागे. तो हंगाम हुकला की मोठी खोटी. जहाज आल्यावर मिरी शोधायला निघून कसे भागणार? वीरजींच्या आग्रा, बुऱ्हाणपूर, गोवळकोंडा येथील पेढ्या माल आधीच हेरून ठेवीत. १६२५ मध्ये त्यांचा मिरीचा भाव इंग्रजांना जड वाटला. त्यांनी दख्खनमधून परस्पर खरेदी करू पाहिली, तर वीरजींच्या गुमास्त्याने तेथील मिरीही उचलली! रोकड अडली तरी इंग्रज त्यांच्याच दारी येत.

वेळेवर पुरवठ्याच्या या प्रश्नाला पुढे जपानने उलट उत्तर दिले. किइचिरो टोयोडांनी १९३८ मध्ये कोरोमोच्या मोटार कारखान्यात नियम घातला, की सुटा भाग लागेल तेव्हाच आणि लागेल तेवढाच यावा. साठा म्हणजे अडकलेला पैसा. वीरजींनी मात्र तो साठा स्वतः सांभाळला आणि त्याचे दाम चोख वसूल केले.

साठ्याबरोबर धोकाही येतो. जानेवारी १६६४ मध्ये महाराजांची फौज सुरतेत शिरली. सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडला. वीरजींचा वाडा आणि वखारी लुटल्या गेल्या. अनेक वर्षांची साठवण चार-पाच दिवसांत गेली. तरी हा माणूस खचला नाही. त्यांचा व्यापार पुढेही काही वर्षे चालू राहिला.

मला यातून एवढेच दिसते, की कोठार नाहीसे होत नाही, त्याचा धनी तेवढा बदलतो. कारखानदार साठा ठेवीत नाही, तेव्हा तो भार बहुधा पुरवठादारावर पडतो. दोघांनीही तो टाळला, तर २०२१ मध्ये चिपांवाचून मोटारींचे कारखाने अडले, तशी गत होते. वीरजींनी घेतलेला भाव इंग्रजांना जाचला खरा; पण त्यात त्या जोखमीचीही किंमत होती.