साबणवाल्यांचा प्राध्यापक

औषधविक्रेते, साबण बनवणारे, रंगारी आणि बिअर गाळणारे तयार करणे हे विद्यापीठाचे काम नव्हे. विद्यापीठाने सरकारी सेवेतले भावी अधिकारी घडवावेत. जर्मनीतल्या हेस राज्यात गीसेन नावाचे शहर आहे. तिथल्या विद्यापीठाच्या सिनेटने १८२५च्या सुमारास या आशयाचे कारण देऊन एक प्रस्ताव फेटाळला. प्रस्ताव मांडणाऱ्यांत एक जेमतेम बावीस वर्षांचा प्राध्यापक होता, युस्टुस लीबिग. औषधविक्रेते आणि कारखानदारीत जाणाऱ्या मुलांना रसायनशास्त्र हाताने काम करून शिकता येईल अशी संस्था त्याला विद्यापीठात हवी होती. सिनेटने एवढीच मुभा दिली की, हवी तर ती संस्था स्वतःच्या जबाबदारीवर, खासगी म्हणून चालवावी.

लीबिगला हे धंदे परके नव्हते. तो १८०३ मध्ये डार्मश्टाट गावी जन्मला. वडील रंग, वार्निश आणि रसायने तयार करून विकत. मुलगा दुकानामागच्या खोलीत वाढला आणि ग्रंथालयातली रसायनाची पुस्तके घरी आणून त्यातले प्रयोग करू लागला. शाळेत मात्र त्याची गती यथातथाच होती. पुढे काय होणार, असे मास्तरांनी विचारल्यावर त्याने रसायनशास्त्रज्ञ असे उत्तर दिले आणि सगळा वर्ग हसला, ही आठवण तो उतारवयातही सांगे. हसणाऱ्यांचे अगदीच चुकले होते असेही नाही. त्या काळी रसायनशास्त्र शिकून पोट भरायचे तर औषधाचे दुकान सोडून दुसरी जागा जवळजवळ नव्हतीच. त्यामुळे त्यालाही हेपेनहाइमच्या एका औषधविक्रेत्याकडे उमेदवारीला ठेवले. तिथे स्फोटक रसायनांशी खेळताना त्याने छप्पर उडवले आणि मालकाने त्याला घरी धाडले, असे सांगतात. गोष्टीत मीठमसाला असेल. पण उमेदवारी अर्धवट राहिली, हे खरे.

पुढे बॉन आणि एर्लांगेनच्या विद्यापीठांत तो शिकला. तिथे रसायन म्हणजे व्याख्यान असे. प्राध्यापकाने टेबलावर एखादा प्रयोग करून दाखवायचा, विद्यार्थ्यांनी बाकावरून पाहायचा. हेसच्या राजाच्या शिष्यवृत्तीवर तो पॅरिसला गेला, तेव्हा त्याचे डोळे उघडले. गे-ल्युसॅक या मोठ्या शास्त्रज्ञाने त्याला स्वतःच्या प्रयोगशाळेत शेजारी उभे करून काम करू दिले. अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांनी त्याची शिफारस केली आणि १८२४ मध्ये, एकविसाव्या वर्षी, तो गीसेनला प्राध्यापक झाला. पॅरिसमध्ये एकट्याला जे मिळाले ते वीस-पंचवीस जणांना एकदम कसे द्यायचे, हा प्रश्न घेऊनच तो परतला होता.

सिनेटने नकार दिला तरी त्याची खासगी संस्था १८२६ मध्ये उघडली. जागा होती वापरात नसलेल्या लष्करी बराकीची पहारेकऱ्यांची चौकी. मधोमध कोळशाची शेगडी, विषारी वाफा येणारी कामे बाहेरच्या खांबांच्या ओसरीत. खर्चाचा बराचसा भार लीबिगच्या खिशावर. आलेली मुले बहुतेक औषधविक्रेत्यांची होती, कारण त्या व्यवसायात परीक्षा होती, परवाना होता आणि पुढे दुकान होते. नोकरीची हमी असलेल्या या मुलांच्या फीवरच संस्था तगली. तिला सरकारी आधार मिळायला पुढचे दशक उजाडावे लागले आणि त्यासाठी लीबिगला नोकरी सोडण्याची धमकीही द्यावी लागली.

त्याने आखलेला अभ्यासक्रम आज कोणत्याही रसायनाच्या पदवीला ओळखीचा वाटेल, तेव्हा तो नवाच होता. विद्यार्थ्याला आधी अज्ञात पदार्थांच्या बाटल्या दिल्या जात. आत काय आहे ते त्याने शोधायचे. ते जमले की किती आहे ते मोजायचे. मग एखादा पदार्थ स्वतः तयार करायचा आणि शेवटी स्वतःचा एक प्रश्न घेऊन संशोधन करायचे. पुढे गेलेले विद्यार्थी आदल्या दिवशी काय केले ते रोज सकाळी सांगत. लीबिग दुरुस्ती सुचवी, तयार उत्तर देत नसे. प्रयोगशाळेचा नोकर आउबेल संध्याकाळी कुरकुर करी, कारण मुले बाहेर निघतच नसत आणि त्याला झाडलोट करता येत नसे.

या शिक्षणाला बळ मिळाले ते एका काचेच्या नळीमुळे. कार्बनी पदार्थात कार्बन किती, हे मोजणे तोवर मुरलेल्या तज्ज्ञाचे काम होते. लीबिगने १८३१ मध्ये पाच फुग्यांची एक त्रिकोणी नळी बनवली. पदार्थ जाळायचा, निघणारा कार्बन डायऑक्साइड वायू नळीतल्या पोटॅशच्या द्रावणात शोषून घ्यायचा आणि नळीचे वजन किती वाढले ते पाहायचे. साधारण बुद्धीच्या पण शिस्तीच्या मुलालाही आता भरवशाचा आकडा काढता येऊ लागला. कारखान्यालाही नेमके असेच माणूस हवे होते. माल शुद्ध आहे का, वाया किती जातो, हे अंदाजाने नव्हे तर वजन करून सांगणारे.

डार्मश्टाटचे हाइनरिश एमानुएल मर्क हे लीबिगचे स्नेही. घराण्याच्या औषधाच्या दुकानातून त्यांनी १८२७ मध्ये मॉर्फिनसारखी अल्कलॉइड मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली. त्यांचा मुलगा गेऑर्ग गीसेनमध्ये शिकला आणि १८४८ मध्ये त्याने अफूतून पॅपाव्हरिन वेगळे काढले. स्नायूंचा ताठरपणा कमी करणारे हे औषध पुढे दीर्घकाळ वापरात राहिले. लिव्हरपूलचे जेम्स मस्प्रॅट साबणवाल्यांना लागणारा सोडा बनवत. त्यांनीही आपली मुले गीसेनला धाडली. फ्रेसेनियस हा औषधाच्या दुकानातून आलेला विद्यार्थी लीबिगचा साहाय्यक झाला. मग त्याने वीसबाडेनला स्वतःची प्रयोगशाळा काढली. तिथे पदार्थांची तपासणीही होई आणि तपासणारेही तयार होत.

कारखानदार दारात येऊ लागले, तरी लीबिगने त्यांच्या सोयीचा अभ्यासक्रम मात्र केला नाही. साबणाची कृती, रंगाची कृती, काचेची कृती असे तुकडे शिकवणाऱ्या शाळा त्याला पटत नसत. एकाच धंद्याच्या कृती पाठ केलेला मुलगा दुसऱ्या धंद्यात आंधळा ठरतो आणि धंदा बदलला की स्वतःच्याही; पृथक्करण नीट शिकलेला मुलगा कोणत्याही कारखान्यात थोड्याच दिवसांत रुळतो, असे त्याचे मत होते. प्रशियासारख्या मोठ्या राज्यात अशी प्रयोगशाळा नाही, यावर त्याने १८४० मध्ये जहाल पुस्तिका लिहून तिथल्या मंडळींचा रोष ओढवून घेतला. स्वभाव तापटच होता.

कारखानदारीचा त्याचा स्वतःचा अनुभव मात्र फारसा सुखाचा नव्हता. मस्प्रॅट यांच्यासोबत त्याने १८४५ मध्ये पेटंट खत बाजारात आणले. पावसाने वाहून जाऊ नये म्हणून त्यातली क्षारद्रव्ये त्याने इतकी अविद्राव्य केली होती, की ती पिकालाही मिळेनात. शेतकऱ्यांचे पैसे गेले, त्याचे नाव गेले. पुढे कितीतरी वर्षांनी त्याने ही चूक मान्य केली.

त्याच वर्षी लंडनमध्ये त्याच्या पद्धतीचे रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्री उघडले. पैसा जमीनदार, कारखानदार, डॉक्टर आणि औषधविक्रेत्यांच्या वर्गणीतून आला. प्रमुख म्हणून गेला लीबिगचा विद्यार्थी आउगुस्ट विल्हेल्म हॉफमान. त्याचे वडील वास्तुकार, गीसेनची प्रयोगशाळा १८३९ मध्ये वाढवली ती त्यांनीच. मुलगा खरे तर कायदा शिकायला आला होता. लंडनच्या वर्गणीदारांना लगेच फळ हवे होते. ते दिसेना तसे पैसे आटले आणि १८५३ मध्ये कॉलेज सरकारी खाणकाम विद्यालयात विलीन झाले. त्यानंतर तीनच वर्षांनी हॉफमानचा अठरा वर्षांचा विद्यार्थी विल्यम पर्किन मलेरियावरचे क्विनीन कृत्रिमरीत्या बनवायला निघाला आणि त्याच्या हाती जांभळा रंग लागला, कोळशाच्या डांबरापासून मिळालेला. वर्गणीदारांनी आणखी थोडा दम धरायला हवा होता. पर्किनने शिक्षण सोडून रंगाचा कारखाना काढायचे ठरवले, तेव्हा हॉफमान नाराज झाला. साबणवाल्यांसाठी भांडणाऱ्या गुरूच्या शिष्यालाही हुशार मुलगा कारखान्यात जाणे रुचले नव्हते.

लीबिगने तोवर गीसेन सोडले होते. अठ्ठावीस वर्षांत सातशेहून अधिक विद्यार्थी त्याच्या हाताखालून गेले आणि तो थकला होता. १८५२ मध्ये म्यूनिकची नोकरी घेताना प्रयोगशाळेत विद्यार्थी शिकवणार नाही, ही अट त्याने घातली. तिथे तो लिहीत राहिला, व्याख्याने देत राहिला. त्याच्या मांसाच्या अर्काची १८६५ मध्ये कंपनीच उभी राहिली. त्या बरणीत चव होती, पण त्याने सांगितले होते तितके पोषण नव्हते. १८३०च्या दशकाच्या आरंभी त्याने बनवलेले क्लोरल मात्र १८६९ मध्ये झोपेचे औषध म्हणून दवाखान्यांत आले. ते पाहायला तो हयात होता. १८ एप्रिल १८७३ रोजी म्यूनिकमध्ये त्याचे निधन झाले.

त्याची खुर्ची १८७५ मध्ये आडोल्फ फॉन बायर यांना मिळाली. बायर हे केकुलेचे विद्यार्थी आणि केकुले गीसेनचा. बायर यांनी १८८० मध्ये प्रयोगशाळेत नीळ बनवली. ती शेतातल्या निळीहून स्वस्त करायला बीएएसएफ कंपनीच्या पदवीधर रसायनतज्ज्ञांना सतरा वर्षे लागली. कृत्रिम नीळ १८९७ मध्ये बाजारात आली आणि थोड्याच वर्षांत बिहारमधल्या निळीच्या शेतीचा बाजार कोसळला.