एका घरातल्या दोन चुली

राहुरीच्या शाखेत माझी बदली झाली त्याला आता पस्तीस वर्षे होऊन गेली. उसाची बिले, विहिरीवरच्या मोटारींची कर्जे आणि सोसायट्यांचे हिशेब यांत दिवस कसा जाई ते कळत नसे. एका सुटीच्या दिवशी कर्जाच्या पाहणीसाठी जवळच्या खेड्यात गेलो होतो. घर ख्रिस्ती शेतकऱ्याचे होते. भिंतीवर येशूची तसबीर, खाली शेणाने सारवलेली जमीन. म्हातारीने तांब्या-फुलपात्र पुढे केले आणि क्षणभर माझ्या तोंडाकडे पाहिले. मी पाणी प्यालो. पण ते क्षणभराचे पाहणे माझ्या मनातून गेले नाही. आपल्या हातचे पाणी समोरचा पिईल की नाही, हे तपासण्याची सवय त्या नजरेला किती पिढ्यांनी लावली असेल?

त्याच आठवड्यात मी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा हाती घेतली. शाळेत त्यातला एखादा धडा आपण सगळ्यांनीच वाचलेला असतो, हसलेलोही असतो. पण ज्या राहुरीत मी रोज सही करीत होतो, त्याच राहुरीत शंभर वर्षांपूर्वी याच पाण्याच्या प्रश्नाने एक संसार ढवळून निघाला होता, हे मला तेव्हा नव्याने कळले.

लक्ष्मीबाई माहेरच्या गोखले, नाव मनकर्णिका. जन्म १८६८चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. वडिलांचे सोवळे इतके कडक की बाजारातून आलेले मीठसुद्धा धुतल्याशिवाय घरात येत नसे. त्या वयाच्या अकरा-बाराव्या वर्षी नारायण वामन टिळकांच्या घरात आल्या. टिळक कवी, विद्वान, मनाने लोण्यासारखे आणि रागाने जमदग्नी. हाती पैसा आला की तो वाटेतच कुणा गरजवंताला मिळायचा. मनात आले की हे गृहस्थ घर सोडून चालू लागायचे. बायकोने धान्याचे डबे चाचपावे आणि नवऱ्याने कविता चाचपावी, असा तो संसार.

१८९३च्या सुमारास आगगाडीच्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाने टिळकांच्या हाती बायबल दिले. ते वाचता वाचता त्यांचे मन तिकडे वळले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या काळी ब्राह्मणाने ख्रिस्ती होणे म्हणजे घरादाराच्या दृष्टीने जिवंतपणी मरण्यासारखेच होते. इकडे लक्ष्मीबाईंच्या पदरात लहानगा दत्तू. कपाळावर कुंकू आहे पण नवरा नाही, अशी त्यांची गत झाली. नातेवाइकांनी सांभाळले, पण सांभाळताना टिळकांचे नाव पुसून टाकण्याचा सल्लाही दिला. काही काळ त्या पंढरपुरास राहिल्या. रडून डोळे कोरडे पडले, जीव नकोसा झाला. आणि त्याच दु:खात, शाळेची पायरी न चढलेल्या या बाईने आपली पहिली कविता रचली.

येथे मला टिळकांविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. १८६६च्या कायद्याने ख्रिस्ती झालेल्या माणसाला, जोडीदार नांदायला तयार नसेल तर विवाह मोडून घेण्याची मुभा होती. टिळक त्या वाटेने गेले नाहीत. रागीट, उतावळा, घडीत हा आणि घडीत तो असा हा माणूस पत्नीसाठी मात्र चार-पाच वर्षे थांबला. पत्रे लिहीत राहिला, भेटत राहिला. व्यासपीठावरून क्षमा आणि प्रीती यांवर बोलणे सोपे असते. पण रुसलेल्या, दुखावलेल्या आणि आपल्या धर्माला नावे ठेवणाऱ्या बायकोची वाट पाहणे ही खरी परीक्षा असते.

लक्ष्मीबाई अखेर नगरला आल्या, पण आपल्या अटींवर. नवरा ख्रिस्ती, बायको हिंदू. तिची चूल वेगळी, पाणी वेगळे, सोवळे-ओवळे पूर्वीसारखेच. आणि टिळकांनी ते मान्य केले. तिने आपला धर्म घ्यावा ही इच्छा मनात असली, तरी तिचे सोवळे त्यांनी मोडले नाही. आज मिश्र विवाहांवर एवढ्या चर्चा झडतात. त्या घराने हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात, एका छपराखाली दोन चुली पेटवून सोडवायला घेतला होता.

मग राहुरी आली. दुष्काळाचे दिवस होते. अमेरिकन मराठी मिशन १८३१पासून नगरला काम करीत होते. अनाथ मुलांचे लोंढे त्याच्या आश्रयाला येत होते. टिळकांच्या अंगणात कुठल्या कुठल्या जातीची पोरे जमत. भूक सगळ्यांची सारखीच. अशा दिवसांत लक्ष्मीबाईंच्या मनात एक प्रश्न उभा राहिला. जाती देवाने केल्या की माणसाने? देवाने केल्या असत्या तर जन्म, मरण, हाडामासाचे शरीर यांत कुठे तरी फरक ठेवला असता. तो तर कुठेच दिसेना. झाले! मनाशी निकाल लागला आणि त्या दिवसापासून कुणाच्याही हातचे खायला-प्यायला त्यांना अडचण उरली नाही. कुणी पाद्री त्यांना समजावायला बसला नव्हता. मीठ धुणाऱ्या बापाच्या लेकीने हा डोंगर एकटीने ओलांडला. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो त्यानंतर. म्हणजे आधी तांब्या बदलला, मग धर्म. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो.

पुढच्या संसारात काही चमत्कार झाला नाही. टिळकांचा राग तसाच, उधळेपणा तसाच. भांडणेही होत; लक्ष्मीबाईंनी ती लपवली नाहीत. पण दार कुणाला बंद नव्हते. नगरच्या त्या घरात त्र्यंबक बापूजी ठोंबरे, आपले बालकवी, मुलासारखे राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांचे लाड केले, हट्ट पुरवले. बालकवी अखेरपर्यंत हिंदूच राहिले. त्या घरातल्या मायेसाठी धर्म बदलण्याची अट नव्हती. टिळकांनी चर्चमध्ये अभंग आणला, कीर्तन आणले. ख्रिस्ताकडे जाताना तुकोबांना मागे सोडावे लागत नाही, ही त्यांची श्रद्धा होती. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तेथे जागा होती. ९ मे १९१९ रोजी ते गेले.

मागे राहिले ‘ख्रिस्तायन’ हे अपुरे महाकाव्य. टिळकांच्या हातून जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते. पुढचे चौसष्ट लक्ष्मीबाईंनी रचले आणि शेवटचा, शहात्तरावा, दत्तूने म्हणजे देवदत्त टिळकांनी. पित्याने आरंभलेले, आईने वाढवलेले आणि मुलाने पुरे केलेले असे दुसरे काव्य मराठीत मला ठाऊक नाही. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आली. शेवटचा भाग हाती येईपर्यंत, २४ फेब्रुवारी १९३६ला, लक्ष्मीबाई नाशिकला निवर्तल्या होत्या.

वाचकहो, आता माझ्या घरची गोष्ट सांगतो. आमच्या स्वयंपाकघरात, खिडकीच्या कोनाड्यात एक कान तुटलेला कप असे. धुणे-भांडी करणाऱ्या मावशींचा. आईने तो ठेवला होता, आईमागे तसाच राहिला. बँकेत अर्जदाराची जात न पाहता मी कर्जे मंजूर केली. त्याचा मला अभिमानही होता. पण त्या कपाकडे इतकी वर्षे माझे लक्ष गेले नव्हते. की गेले होते आणि मी पाहिले नव्हते?

‘स्मृतिचित्रे’ मिटल्यावर दुसऱ्या सकाळी मी स्वतः चहा केला आणि आमच्या कपबशांतलीच एक मावशींपुढे ठेवली. त्यांनी आधी कोनाड्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. राहुरीच्या म्हातारीने पाहिले होते तसेच. मी काही बोललो नाही, काय बोलावे ते सुचलेही नाही. त्या चहा प्याल्या, कपबशी विसळली आणि नेमकी कुठे ठेवावी म्हणून क्षणभर थांबल्या.

मी ती घेऊन बाकीच्या कपांच्या रांगेत ठेवली. एवढ्या साध्या गोष्टीला मला चाळिशी उजाडावी लागली. लक्ष्मीबाई तिथे तिशीच्या आतबाहेर पोहोचल्या होत्या, आणि त्यांना ओलांडायचा डोंगर माझ्या डोंगराहून फार उंच होता.

नगरचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. राहुरीला ऊस तसाच डोलतो आहे. त्या बाजूला गेलो आणि कुणाच्या ओसरीवर पाण्याचा तांब्या पुढे आला, की मला अजून त्या दोन चुली आठवतात, आणि एक होण्याआधी त्या शेजारी शेजारी किती धीराने पेटत राहिल्या तेही आठवते.