बसमधली जागा : मार्टिन ल्यूथर किंग यांची गोष्ट

आपण तालुक्याला जाताना एस.टी.त बसतो. तिकीट काढले की रिकामी दिसेल त्या बाकावर बसायचे. खिडकी मिळाली तर उत्तमच! पण समजा, कंडक्टरने सांगितले की पुढचे बाक तुमच्यासाठी नाहीत, मागे जाऊन उभे राहा, तर? पैसे तर सगळ्यांनी सारखेच दिलेले. मग राग येईल की नाही? अमेरिकेसारख्या श्रीमंत देशात असे खरोखर घडत होते. तेही फार जुन्या काळी नव्हे, आपले आजी-आजोबा लहान होते तेव्हा. ते बंद पाडण्यासाठी ज्यांनी आपला जन्म वेचला, त्या मार्टिन ल्यूथर किंग यांची ही गोष्ट आहे.

पूर्वी अमेरिकेत कापसाच्या आणि तंबाखूच्या शेतांवर राबायला आफ्रिकेतून माणसे जहाजात कोंडून आणत आणि बाजारात गुरांसारखी विकत. 1865 साली गुलामगिरी कायद्याने बंद झाली. पण दक्षिणेकडच्या राज्यांत गोऱ्यांनी पुढे नवेच कायदे केले. काळ्यांची शाळा वेगळी, पाण्याचा नळ वेगळा, आगगाडीचा डबा वेगळा. आपल्याकडच्या पाणवठ्यावरची शिवाशिव ज्यांनी पाहिली आहे, त्या जुन्या माणसांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

मार्टिनचा जन्म 15 जानेवारी 1929 रोजी जॉर्जिया राज्यातील अटलांटा शहरात झाला. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. घरी खाण्यापिण्याची ददात नव्हती. समोरच्या दुकानदाराचा गोरा मुलगा त्याचा खेळगडी होता. दोघे रोज खेळायचे. पण शाळेत जायचे वय झाले तशा दोघांच्या शाळा वेगळ्या झाल्या, आणि आता आमच्याकडे खेळायला येऊ नको, असे त्याला सांगण्यात आले. मार्टिन रडवेला होऊन घरी आला. आईने त्याला जवळ घेतले, गुलामगिरीची सगळी हकिकत सांगितली आणि तू कोणापेक्षाही कमी नाहीस हे मनावर ठसवले.

पुढे शाळेत असताना तो एका गावी वक्तृत्व स्पर्धेसाठी गेला होता. परत येताना बसमध्ये गोरे उतारू चढले. ड्रायव्हरने मार्टिनला आणि त्याच्या बाईंना उठायला लावले. अटलांटा येईपर्यंत सुमारे 90 मैल त्यांना उभ्याने यावे लागले. तो राग त्याच्या मनातून कधी गेला नाही.

मार्टिन अभ्यासात हुशार. पंधराव्या वर्षीच कॉलेजात गेला. धर्मशास्त्र शिकत असताना त्याने गांधीजींवरचे एक व्याख्यान ऐकले आणि त्यांच्यावरची पुस्तके मिळवून वाचली. हातात शस्त्र न घेता अन्यायाशी लढता येते, हे त्याला तिथे उमगले. 1953 साली कोरेटा स्कॉट यांच्याशी लग्न झाले. 1954 साली किंग अलाबामा राज्यातील मॉन्टगोमेरी शहरात धर्मोपदेशक म्हणून आले. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की सरकारी शाळांत काळी-गोरी मुले वेगळी बसवणे हे राज्यघटनेच्या विरुद्ध आहे. निकाल झाला खरा, पण कागदावरून गावात उतरायला त्याला बरीच वर्षे लागली.

1 डिसेंबर 1955 ची संध्याकाळ. रोझा पार्क्स नावाच्या बाई दिवसभर शिवणकाम करून बसने घरी निघाल्या होत्या. एका गोऱ्या माणसाला जागा हवी म्हणून ड्रायव्हरने त्यांना उठायला सांगितले. बाई उठल्या नाहीत. पोलिसांनी त्यांना अटक केली. शहरातले काळे लोक पेटून उठले. पण दगडफेक केली नाही, बस जाळली नाही. त्यांनी ठरवले की आजपासून बसमध्ये पाऊल ठेवायचे नाही. या बहिष्काराचे पुढारी म्हणून 26 वर्षांच्या किंग यांची निवड झाली.

बसचे बहुतेक उतारू काळेच होते. बसगाड्या रिकाम्या धावू लागल्या. मोलकरणी, मजूर, म्हातारीकोतारी माणसे पायी कामावर जाऊ लागली. ज्यांच्याकडे मोटारी होत्या, ते इतरांना नेऊ-आणू लागले. थंडी गेली, उन्हाळा गेला, पुन्हा थंडी आली, तरी लोक चालतच होते! 30 जानेवारी 1956 च्या रात्री किंग सभेला गेले असताना त्यांच्या घरावर बॉम्ब टाकला. घरात पत्नी आणि तान्ही मुलगी होती. दैव बलवत्तर म्हणून दोघी वाचल्या. ही बातमी कळताच संतापलेले लोक हत्यारे घेऊन घरासमोर जमले. किंग यांनी एक शब्द टाकला असता, तर त्या रात्री रक्ताचे पाट वाहिले असते. पण घराच्या पडवीत उभे राहून त्यांनी लोकांना शांत केले आणि हत्यारे घेऊन घरी परत जायला सांगितले. स्वतःचे लेकरू मरता मरता वाचले असताना असे बोलायला केवढी छाती लागते! शेवटी 381 दिवसांनी बहिष्कार संपला. बसमध्ये कोणीही कुठेही बसावे, असा न्यायालयाचा निकाल लागला.

1959 साली किंग पत्नीसह भारतात आले आणि महिनाभर राहिले. पंतप्रधान नेहरूंना भेटले. मुंबईत गांधीजी ज्या मणिभवनात उतरत, तिथे तेही मुक्कामाला होते.

परत गेल्यावर लढा आणखी कठीण झाला. 1963 साली बर्मिंगहॅम शहरात त्यांना तुरुंगात टाकले. मोठी माणसे नोकरी जाण्याच्या भीतीने पुढे येईनात, तेव्हा शाळेतली मुले मोर्चाला निघाली. मुलांना संकटात घालावे का, या प्रश्नाने किंग यांचेही मन आधी घुटमळले. पण मुले मागे हटली नाहीत. पोलिसांनी त्यांच्यावर कुत्री सोडली, आगीच्या बंबाचे पाणी मारले, शेकडो मुलांना तुरुंगात डांबले. ती छायाचित्रे वर्तमानपत्रांत आली आणि साऱ्या देशाची मान खाली गेली.

28 ऑगस्ट 1963 रोजी वॉशिंग्टनला सुमारे अडीच लाख लोक जमले. त्यांत गोरेही पुष्कळ होते. आपली मुले कातडीच्या रंगावरून नव्हे तर गुणांवरून ओळखली जावीत, असे आपले स्वप्न किंग यांनी तिथे सांगितले. पण तीनच आठवड्यांच्या आत बर्मिंगहॅमच्या एका चर्चमध्ये बॉम्ब फुटला आणि चार मुली ठार झाल्या. नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा खून झाला. त्यांच्यानंतर आलेल्या जॉन्सन यांनी 2 जुलै 1964 रोजी नागरी हक्कांच्या कायद्यावर सही केली. हॉटेल, बागा, नोकऱ्या यांतला भेदभाव बेकायदा ठरला. त्याच वर्षी किंग यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. ती सारी रक्कम त्यांनी चळवळीला देऊन टाकली.

मतदानाचा हक्क मात्र अजून नावापुरताच होता. काळा माणूस यादीत नाव घालायला गेला की त्याला अवघड प्रश्न विचारून परत पाठवत. म्हणून 1965 च्या मार्चमध्ये सेल्मा गावाहून लोक पायी निघाले. पहिल्या वेळी पुलावरच पोलिसांनी त्यांना लाठ्यांनी झोडपले. दोन आठवड्यांनी किंग यांच्याबरोबर लोक पुन्हा निघाले आणि 54 मैल चालून मॉन्टगोमेरीला पोहोचले. ऑगस्टमध्ये मतदान हक्काचा कायदा झाला.

पुढे किंग यांनी व्हिएतनामच्या युद्धाला विरोध केला, तेव्हा पूर्वीचे मित्रही दुरावले. तरी ते गप्प बसले नाहीत. 1968 साली मेम्फिस शहरात कचरागाडीच्या यंत्रात सापडून दोन सफाई कामगार मेले. कामगारांनी संप केला. त्यांना पाठिंबा द्यायला किंग गेले. 4 एप्रिल 1968 च्या संध्याकाळी ते मुक्कामाच्या गच्चीत उभे असताना त्यांना गोळी घालण्यात आली. वय अवघे 39! त्यांची शवपेटी खेचरांच्या साध्या गाडीतून नेली. थोड्याच दिवसांत त्या कामगारांच्या मागण्या मान्य झाल्या. 1986 पासून अमेरिकेत जानेवारीचा तिसरा सोमवार त्यांच्या नावाने सुट्टी म्हणून पाळतात.

मित्रांनो, हा लेख लिहिताना एक गोष्ट मनाला लागली. आमच्या वर्गात ऊसतोडीला आलेल्या कुटुंबातली एक मुलगी दारापाशी एकटीच बसायची. तिथे बस, असे तिला कोणी सांगितले नव्हते. पण इकडे ये, असेही कोणी म्हटले नव्हते. मीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी मी सरकून तिला जागा दिली. ती आधी बघतच राहिली, मग दप्तर घेऊन आली. गणितात ती माझ्यापेक्षा हुशार निघाली बरं का!

भित्तिपत्रक वाचायला थांबलेल्या पालकांनो, तुम्हीही आज घरी मुलांना एकच विचारा, तुझ्या शेजारी कोण बसते? आणि कोणाशेजारी कोणीच बसत नाही?