जलचरांच्या कैवारी : रेचेल कार्सन

रानातील झुडपावर औषध फवारले, तर तळ्यातील मासा का मरावा? प्रश्न वरवर विचित्र वाटतो. परंतु अशा प्रश्नांचा छडा लावण्यासाठी एका विदुषीने आपल्या आयुष्याची अखेरची वर्षे वेचली. तिचे चरित्र आम्ही येथे आमच्या विद्यार्थ्यांसाठी थोडक्यात सांगणार आहोत.

रेचेल कार्सन यांचा जन्म २७ मे १९०७ रोजी अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यात, अ‍ॅलेघेनी नदीकाठच्या स्प्रिंगडेल गावी झाला. घरची स्थिती बेताचीच होती. आई मात्र लेकीला घेऊन रानोमाळ हिंडे आणि पाखरे व झाडे ओळखावयास शिकवी. वयाच्या अकराव्या वर्षी रेचेलची एक गोष्ट मुलांच्या मासिकात छापून आली आणि लेखिका व्हावयाचे तिने मनाशी ठरवून टाकले. पुढे कॉलेजात जीवशास्त्राच्या अध्यापिकेने त्या विषयाची अशी गोडी लावली, की साहित्य बाजूस ठेवून ती प्राणिशास्त्राकडे वळली. १९३२ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून त्या एम. ए. झाल्या. प्रबंधाचा विषय होता मिशा असलेल्या कॅटफिश माशाच्या भ्रूणातील एक इवलेसे मूत्रपिंड! सूक्ष्मदर्शकाखाली तासन् तास डोळे लावून बसण्याची ही सवय त्यांना जन्मभर उपयोगी पडली.

१९३५ साली वडील वारले आणि संसाराचा भार कार्सनबाईंवर आला. १९३६ साली त्या सरकारी मत्स्यखात्यात रुजू झाल्या. दिवसा कचेरी आणि रात्री लेखन असा त्यांचा क्रम होता. १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या समुद्रावरील ग्रंथाने त्यांची कीर्ती सर्वत्र पसरली आणि पुढच्याच वर्षी त्यांनी नोकरी सोडली. आता सागरतीरी निवांतपणे लिहीत राहणे त्यांना सहज शक्य होते. परंतु विषारी फवाऱ्यांनी पाखरे व मासे मरत असल्याच्या वार्ता येऊ लागल्या, तेव्हा त्यांना स्वस्थ बसवेना.

कॅनडातील मिरामिची नदीच्या खोऱ्यात १९५४ साली झाडांवरील कीड मारण्यासाठी विमानांतून डीडीटी फवारण्यात आले. दोन दिवसांतच काठाशी सामन माशांची पिले मरून पडलेली दिसू लागली. जी वाचली, त्यांचे खाद्य असलेले पाणकिडेही मेले होते. त्यांच्या नशिबी उपासमार आली.

दुसरी हकीकत आहे वायोमिंग राज्यातील. गुरांना गवत मिळावे म्हणून तेथील सरकारी वनात सेजब्रश नावाच्या झुडपांवर १९५९ साली तणनाशक फवारले. झुडपे मेली, पण त्यांबरोबर ओढ्याकाठची विलोची, म्हणजे आपल्या वाळुंजाच्या कुळातील, झाडेही वाळली. त्या झाडांवर बीव्हर नावाचे प्राणी जगत आणि त्यांच्याच फांद्यांनी ओढ्यावर बांध घालत. झाडे गेली तसे बीव्हर गेले. डागडुजीवाचून बांध फुटला, बांधामागचे तळे आटले आणि त्यात वाढलेले मोठमोठे ट्राउट मासे नाहीसे झाले. घाव झुडपावर घातला, तो लागला माशाला!

अशा शेकडो घटना तपासून कार्सनबाईंनी १९६२ साली 'सायलेंट स्प्रिंग' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. औषधे मुळीच वापरू नयेत, असे त्यांचे म्हणणे नव्हते. परिणाम जाणून घेतल्यावाचून विष सर्वत्र ओतू नये, एवढीच त्यांची मागणी होती. तरीही औषधांचे कारखानदार त्यांच्यावर तुटून पडले. मात्र १९६३ साली राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या विज्ञान समितीने त्यांच्या म्हणण्यास बव्हंशी दुजोरा दिला.

या साऱ्या काळात कार्सनबाई कर्करोगाने खंगत होत्या. आजाराचा बोभाटा झाला, तर आपल्या निष्कर्षांवर विरोधक शंका घेतील, म्हणून त्यांनी ते दुखणे जगापासून लपविले. तशाही स्थितीत त्या सिनेटच्या समितीपुढे साक्षीस गेल्या. १४ एप्रिल १९६४ रोजी, वयाच्या अवघ्या ५६ व्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. १९७२ साली अमेरिकेने डीडीटीच्या बहुतेक वापरांवर बंदी घातली. तो दिवस पाहावयास त्या उरल्या नव्हत्या.

तळ्यातील सगळे तण एकदम मारले, तर ते कुजताना पाण्यातील प्राणवायू ओढून घेते आणि मासे गुदमरून मरतात, हे आज आपण जाणतो. विद्यार्थिमित्रहो, बांधावर तणनाशकाचा पंप चालताना दिसेल, तेव्हा ते पाणी पुढे कोणत्या ओहोळाला मिळते, एवढे घरातील वडीलधाऱ्यांना अवश्य विचारा. हा साधा प्रश्न विचारण्याचे धैर्य हाच कार्सनबाईंचा वारसा होय, असे आम्हांस वाटते.