नानाभाई मूस आणि पृथ्वीच्या पोटातले लोखंड

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात लोहखनिजाचे मोठे साठे आहेत. सिंदेवाहीच्या शाळेतील मुलालाही लोखंड आणि चुंबक यांचे नाते ठाऊक असते. पृथ्वीच्या गाभ्यातही प्रामुख्याने लोखंडच आहे. मग पृथ्वी म्हणजे एक मोठा लोहचुंबक का? या कोड्यामागच्या नोंदी ज्यांनी जिवापाड जपल्या, ते नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस.

मूस यांचा जन्म १८५९ मध्ये मुंबईत झाला. एडिंबरा येथे शिक्षण घेऊन त्यांनी एल्फिन्स्टन कॉलेजात अध्यापन केले. १८९६ मध्ये ते कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. तेथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे होत होती. याच सुमारास मुंबईत घोड्यांऐवजी विजेवर ट्राम चालवण्याचे ठरले. विजेच्या प्रवाहाने चुंबकसूची ढळते. त्यामुळे साठ वर्षांची नोंदमाला निरुपयोगी होण्याचा धोका होता. त्यासाठी अलिबागची जागा निवडण्यात आली. लोहांशाने मोजमाप बिघडू नये म्हणून चुंबकीय गुण नसलेला पोरबंदरी दगड पारखून वापरला गेला. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या, त्यामुळे जुनी मालिका नव्या मालिकेशी जुळवता आली. १९०७ मध्ये विजेची ट्राम धावली, तोवर काम फत्ते झाले होते. १८४६ ते १९०५ या काळातील नोंदींचे मूस यांनी केलेले विश्लेषण १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. १९१९ मध्ये ते निवृत्त झाले आणि १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले.

अशा दीर्घ नोंदींतून दिसते, की पृथ्वीचे चुंबकत्व सतत बदलते. कायमचा लोहचुंबक असा वागत नाही. लोखंड सुमारे ७७० अंश सेल्सियसला चुंबकत्व गमावते. दाबाचाही तसाच परिणाम होतो. साधारण तापमानातही सुमारे सव्वा लाख वातावरणांइतक्या दाबाखाली लोखंडाचे अणू अधिक दाट रचनेत बसतात, त्यांच्यातील इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलते आणि लोखंड लोहचुंबक राहत नाही. पृथ्वीच्या केंद्राशी दाब पस्तीस लाख वातावरणांहून अधिक, तर तापमान हजारो अंश असते. तेथे लोहचुंबक टिकणेच शक्य नाही. बाह्य गाभ्यातील वितळलेले लोखंड घुसळले जाते, त्यातून विद्युतप्रवाह निर्माण होतात आणि त्यांतून हे चुंबकत्व उपजते.

अलिबागची वेधशाळा आजही नोंदी घेते. मूस यांनी तुटू न दिलेला तो धागा पावणेदोनशे वर्षांहून लांब झाला आहे.