हाताशी आधार असताना

चिंतनासाठी वाचन : मार्क १०:१७-२७



श्रीमंत तरुणाची ही गोष्ट वाचली की मी अस्वस्थ होतो. तो काही वाईट माणूस नव्हता. आज्ञा पाळत होता. फक्त हातातलं सोडवलं नाही, म्हणून खिन्न होऊन निघून गेला. आज ७ एप्रिल, शिक्षकांचे आश्रयदाते संत जॉन बाप्टिस्ट दे ला साल यांचा सण. त्यांच्यापुढेही हाच प्रश्न आला होता.

त्यांचा जन्म १६५१ साली फ्रान्समधल्या रॅन्स शहरात, सधन घराण्यात झाला. सोळाव्या वर्षीच ते तिथल्या कॅथेड्रलचे कॅनन झाले. म्हणजे मान आणि कायमचं उत्पन्न. पुढे आईवडील लागोपाठ वारले. पॅरिसमधलं सेमिनरीचं शिक्षण सोडून ते धाकट्या भावंडांसाठी घरी परतले. १६७८ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

शाळा काढायचं त्यांच्या मनातही नव्हतं. १६७९ साली गरीब मुलांसाठी शाळा सुरू करायला आलेल्या एका गृहस्थांना मदत केली आणि ते त्यात ओढले गेले. त्या काळी असे शिक्षक अर्धवट शिकलेले, पोटापाण्यासाठी आलेले. जॉन यांच्या मनात त्यांची किंमत आपल्या नोकराहूनही कमी होती. तरी १६८१ साली त्यांनी या शिक्षकांना स्वतःच्या घरी राहायला आणलं. नातेवाईक संतापले.

खरी परीक्षा पुढे होती. ते शिक्षकांना देवावर भरवसा ठेवायला सांगत. शिक्षकांनी तोंडावर सुनावलं की तुमच्याकडे इस्टेट आहे, पद आहे. शाळा बुडाली तर रस्त्यावर आम्ही येऊ.

मी इंजिनिअर. बॅकअपशिवाय पाऊल टाकत नाही. मी असतो तर ती संपत्ती शाळांच्या नावावर ठेवून व्याजावर त्या चालवल्या असत्या. यात चूक काय? पण मग शिक्षकांचा प्रश्न तसाच राहिला असता. जॉन यांनी १६८३ साली कॅननपद सोडलं, तेही भावाला न देता एका गरीब धर्मगुरूला दिलं. पुढे दुष्काळ पडला, तेव्हा आपली संपत्ती भुकेल्यांच्या भाकरीवर खर्च केली. आता ते आणि शिक्षक एकाच पंगतीत होते.

त्यातूनच ब्रदर्सचा संघ उभा राहिला. मुलं वर्गावर्गांत एकत्र शिकू लागली; वाचन लॅटिनऐवजी त्यांच्या फ्रेंच भाषेतून सुरू झालं; फी नव्हती. शिक्षक घडवण्याचीही सोय झाली. पॅरिसमध्ये फी घेणाऱ्या मास्तरांनी त्यांच्यावर खटले भरले, तरी काम थांबलं नाही. १७१९ साली, गुड फ्रायडेच्या दिवशी, रूआँ इथे ते प्रभूकडे गेले.

आज आपल्या कॅथलिक शाळांत प्रवेशासाठी धडपड चालते. निकाल, शिस्त, इंग्रजी यांचं कौतुक होतं, आणि व्हावंच. पण त्या रांगेत गरिबाचं मूल कुठे उभं आहे? संत जॉन यांची शाळा त्याच्यापासून सुरू झाली होती. निदान एका मुलाच्या फीची, वह्यांची किंवा संध्याकाळच्या अभ्यासाची जबाबदारी आपण घेऊ शकतो का? मी आज स्वतःलाच विचारतोय.

प्रार्थना : हे प्रभू, ज्या आधाराला मी घट्ट धरून बसलोय, तो सैल करायचं बळ दे. आमच्या सर्व शिक्षकांना आशीर्वाद दे. आमेन.